विहिरीत सापडलेला पोरगा आणि ‘अकस्मात मृत्यू’च्या चार ओळी

तालुक्याच्या गावातून पेपरला बातम्या पाठवायला लागलो तेव्हा एक साचा मला तोंडपाठ झाला होता. ‘अमुक गावातील सतरावर्षीय तरुणाचा मृतदेह शिवारातील विहिरीत आढळून आला. आत्महत्येचे कारण समजू शकले नाही. याबाबत पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद करण्यात आली असून पुढील तपास हवालदार तमुक करीत आहेत.’ चार ओळी, लागली बातमी.

यातली दुसरी ओळ नीट वाचा. कारण समजलं नाही असं म्हणता म्हणता आत्महत्या मात्र आम्ही पक्की करून टाकलेली आहे. ती कोणी ठरवली? डॉक्टरांनी अजून प्रेत पाहिलेलं नसायचं, पोलिसांचा पंचनामा चालू असायचा. ठरवलेलं असायचं विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या माणसांनी, आणि त्यांचं ऐकून मी.

याच्या उलटही पाहिलंय. चौथ्या दिवशी नातेवाईक पोलीस ठाण्यासमोर बसतात, ‘मना पोऱ्या असा नही व्हता’ म्हणून आई टाहो फोडते, कोणीतरी दोन नावं घेतं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर ‘घातपात’ झालेला असतो. त्या दोन नावांच्या घरांवर दगड पडतात. तेही कोणी सिद्ध केलेलं नसतं. म्हणून आत्महत्या की घातपात हे खरोखर कसं ठरवतात आणि कोण ठरवतं, ते सावकाश पाहू.

सुरुवात त्या ‘अकस्मात मृत्यू’ शब्दापासून. पोलिसांच्या बोलण्यात त्याला ‘एडी’, म्हणजे ‘अ‍ॅक्सिडेंटल डेथ’, म्हणतात. लोकांना वाटतं एडी दाखल झाली म्हणजे प्रकरण मिटवलं. तसं नाही. मृत्यू नैसर्गिक दिसत नाही, म्हणून चौकशी सुरू करतोय, एवढाच त्या नोंदीचा अर्थ. पूर्वी ही चौकशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 174 खाली व्हायची. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि तेच काम कलम 194 खाली गेलं. पोलीस जागेवर जातात, गावातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित माणसांसमोर प्रेताचा पंचनामा करतात, अंगावरच्या जखमा आणि खुणा लिहितात, आणि अहवाल 24 तासांच्या आत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. मृत्यूचं सकृतदर्शनी कारण काय, इतकंच या पंचनाम्यातून पाहायचं असतं. कोणी मारलं, का मारलं, हे त्याच्या कक्षेत येतच नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच सांगितलंय. थोडक्यात एडी म्हणजे दार किलकिलं ठेवणं. ते पुढे उघडायचं की लावून घ्यायचं, हे नंतर काय सापडतं त्यावर ठरतं.

अल्पवयीन मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट असते, जी घरच्यांच्याही लक्षात येत नाही. मूल आदल्या रात्री हरवल्याची तक्रार दिलेली असेल तर बहुधा अपहरणाचा गुन्हा आधीच नोंदलेला असतो. ‘अज्ञात इसमाने फूस लावून पळवून नेले’ हे वाक्य तुम्ही पेपरात शंभरदा वाचलं असेल. 18 वर्षांखालचं मूल हरवलं की गुन्हा नोंदवायचा, हे 2013 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांपासून आलंय. प्रेत सापडलं म्हणून ती फाइल आपोआप बंद होत नाही. तपासाला ती एक आयती जागा असते.

आता विहीर. एक प्रसंग मनाने रचतो, खरा कोणाचा नाही. तापीकाठचं केळीचं गाव धरा नाहीतर गिरणेकडचं कपाशीचं. बारावीतला मुलगा रात्री जेवून बाहेर पडला, सकाळी विहिरीत सापडला. काठावर चपला आहेत.

चपला पाहिल्या की लोकांचा निकाल लागतो. चपला काढून ठेवल्या, म्हणजे उडी घेतली. पण चपला दुसऱ्यालाही ठेवता येतात, आणि आपल्याकडे तिसरीच गोष्ट जास्त घडते. शेतीची वीज बरेचदा रात्रीची असते. मुलगा बारा वाजता मोटर चालू करायला जातो, काठ ओला असतो, चप्पल घसरते म्हणून तो ती काढतो. स्टार्टरच्या पेटीत हात घालताना झटका बसतो, किंवा पाइपावर पाय ठेवताना तोल जातो. हा अपघात. ना आत्महत्या, ना खून. म्हणून पंचनामा करणाऱ्याने चपलांइतकंच स्टार्टरकडे बघायला हवं. पेटी उघडी होती का? केबल कुठे सोललेली आहे का? मोटर चालू होती की बंद? त्या रात्री त्या फिडरवर वीज किती वाजता आली? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वीज कंपनीच्या नोंदीत मिळू शकतं, फक्त कोणी विचारायला हवं.

पोलीस येईपर्यंत विहिरीभोवती दीडशे माणसं फिरून गेलेली असतात. पायांचे ठसे, झटापटीच्या खुणा, मोटरसायकलची चाकोरी, सगळं तुडवलं जातं. यात कोणाचा दुष्टावा नसतो, मदतीलाच आलेले असतात सगळे. मग गळ टाकून, दोरखंड लावून, बाजेवर घालून प्रेत वर काढतात. गळ अंगात रुततो, दगडी बांधकामावर प्रेत घासतं. या जखमा मेल्यानंतरच्या. प्रेत कसं काढलं हे पंचनाम्यात लिहिलेलं नसेल, तर टेबलावर डॉक्टरांना मानेवर आणि खांद्यावर ओरखडे दिसतात आणि ते कुठून आले याचा पत्ता नसतो. ही एक ओळ लिहायला मिनिट लागतं. न लिहिल्याने वर्षभर वाद चालतो.

प्रेताकडे बघून घरचे जे म्हणतात तेही ऐकलंय. ‘डोळे बाहेर आले होते, जीभ बाहेर होती, गळाच दाबला.’ ‘पाठीवर काळेनिळे वळ होते.’ ‘कान कुरतडला होता, हाल करून मारलं.’ पोटच्या पोराला तसं पाहिलेला माणूस दुसरं काय म्हणणार! पण या तिन्हींना साधी कारणंही असतात. खान्देशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. अशा उन्हाळ्यात प्रेत कुजायला बारा ते अठरा तासांत सुरुवात होते, आत वायू तयार होतो, त्याच्या दाबाने चेहरा सुजतो, डोळे आणि जीभ बाहेर येते. विहिरीतले मासे आणि कासव ओठ, कान अशा मऊ जागा कुरतडतात. आणि निळे चट्टे? हृदय थांबलं की रक्त वजनाने खालच्या बाजूला उतरतं आणि कातडीखाली साचून डाग दिसतात. मुका मार आणि हा डाग यांतला फरक डॉक्टर चीर देऊन पाहतात. माराच्या जागी रक्त मांसात मुरलेलं असतं, धुतलं तरी जात नाही. साचलेलं रक्त धुऊन जातं.

हे डाग एक गोष्ट मात्र पक्की सांगतात. मेल्यानंतरच्या काही तासांत, साधारण सहा ते बारा, ते जागेवर पक्के होतात. पाण्यात तरंगणारं प्रेत बहुधा पालथं असतं, डोकं आणि हातपाय खाली लोंबतात, म्हणून डाग चेहऱ्याकडे आणि हातापायांकडे जातात. पाण्यातून काढलेल्या प्रेताच्या पाठीवर पक्के डाग असतील, तर मेल्यावर ते बराच वेळ कुठेतरी उताणं पडलेलं होतं. मग विहिरीत आलं कसं? हा एक प्रश्न दहा अफवांपेक्षा मोलाचा आहे.

तसाच दुसरा प्रश्न म्हणजे पाण्यात पडला तेव्हा तो जिवंत होता का. नाकातोंडाशी पांढरा बारीक फेस, मुठीत घट्ट पकडलेलं शेवाळ किंवा गाळ, फुगलेली फुप्फुसं, या खुणा जिवंतपणी बुडाल्याकडे बोट दाखवतात. डायटम नावाची एक चाचणीही आहे. पाण्यात सिलिकाचं कवच असलेले, डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय शेवाळी जीव असतात. माणूस जिवंत असताना पाणी आत ओढलं गेलं तर धडधडणारं हृदय ते जीव रक्तातून थेट हाडांच्या मगजापर्यंत पोचवतं. हृदय बंद असेल तर ते तिथवर जात नाहीत. पण ताडून बघायला त्याच विहिरीच्या पाण्याची बाटली बरोबर पाठवावी लागते, आणि विहिरीत असे जीव मुळातच कमी असतील तर ‘सापडले नाहीत’ याला काही अर्थ उरत नाही. शास्त्रज्ञांतही या चाचणीवर एकमत नाही, तेव्हा तिच्या भरवशावर कोणी फार उड्या मारू नयेत.

समजा सगळं झालं आणि अहवाल आला, ‘बुडून श्वास कोंडल्याने मृत्यू’. लोक म्हणतात, बघा, डॉक्टरांनीच आत्महत्या म्हटलंय. नाही म्हटलेलं. सगळा गोंधळ इथेच होतो. मृत्यूचं कारण वेगळं आणि मृत्यूचा प्रकार वेगळा. बुडणं हे कारण. तो स्वतः गेला, घसरला, की कोणी ढकललं, हा प्रकार. ढकललेल्या माणसाची फुप्फुसं आणि घसरलेल्या माणसाची फुप्फुसं एकसारखीच दिसतात. शरीर सांगतं जीव कसा गेला. कोणाच्या हाताने गेला ते पुष्कळदा शरीराबाहेर शोधावं लागतं.

गळफासाच्या प्रकरणातही हाच घोळ. वळ तिरपा आहे की आडवा, पूर्ण फिरलेला आहे की मध्ये तुटलेला, यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळतं. पण ‘गळ्याचं हाड मोडलेलं नाही, म्हणजे गळा दाबलेला नाही’ हे जे ऐकू येतं, ते किशोरवयीन मुलांच्या बाबतीत चालत नाही. त्या वयात ते हाड लवचीक असतं, दाबलं तरी सहसा मोडत नाही.

वेळेचंही तसंच. टीव्हीवर डॉक्टर ‘रात्री अकरा वाजून दहा मिनिटं’ सांगतात, खरा डॉक्टर चार-सहा तासांची पट्टी सांगतो. उन्हाळ्यात अंग लवकर ताठरतं आणि लवकर सैल पडतं. पोटातल्या अन्नावरून थोडा अंदाज येतो. त्या मुलाने रात्री आठला भरीत आणि कळण्याची भाकर खाल्ली हे डॉक्टरांना माहीत नसतं, आईला माहीत असतं. पण पहिल्या दिवशी आईला कोणी विचारत नाही. तिच्या तोंडावर पाणी मारायचं चाललेलं असतं, आणि जबाब काका देतो, जो आठवड्यापूर्वी त्या घरी जेवला होता.

आता व्हिसेरा. ‘व्हिसेरा राखून ठेवला’ हे वाक्य वाचून लोकांना वाटतं काहीतरी दडवलंय. जठर, आतडं, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे काचेच्या बरण्यांत घालून सीलबंद करतात आणि विष, औषध, दारू यांच्या तपासणीसाठी पाठवतात. ते सरकारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात. बुडालेल्याचाही व्हिसेरा पाठवावा, कारण आधी काही पाजून मग टाकलं असेल तर ते तिथेच कळतं. बरणीत काय ओततात माहीत आहे? फॉर्मॅलिन नाही, त्याने विषाची तपासणी बिघडते. साधं मीठ, पाण्यात विरघळेनासं होईपर्यंत घातलेलं.

मीठ म्हटलं की मला 2022 चा पावसाळा आठवतो. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव तालुक्यातल्या एका बापाने आपल्या विवाहित मुलीचं प्रेत मिठाच्या खड्ड्यात ठेवलं होतं. फाशी घेतली असं पोलिसांचं म्हणणं, आणि तिच्यावर अत्याचार करून मारलं असं बापाचं. पहिलं शवविच्छेदन त्याला मान्य नव्हतं. सुमारे दीड महिना त्याने ते प्रेत तसं जपलं, तेव्हा कुठे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुसरं शवविच्छेदन झालं. खरं काय घडलं त्यावर मी इथे बोलत नाही. पण सातपुड्यातल्या त्या माणसाला जे नेमकं कळलं होतं ते शहरातल्या शिकलेल्यांनाही कळत नाही. प्रेत गेलं की प्रश्नच विचारता येत नाही. आपल्याकडे बहुतेक घरांत संध्याकाळच्या आत अग्नी देतात. पुरलेलं प्रेत दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने बाहेर काढता येतं. राखेतून काय काढणार?

तपासाच्या पुस्तकातला जुना नियमही यातूनच आलाय, की खुलासा न झालेला मृत्यू पहिल्या दिवशी खून धरूनच तपासावा. याचा अर्थ कोणाला तरी उचलून आत टाकावं असा नाही. खून धरून चाललात आणि आत्महत्या निघाली, तर फार तर चार दिवस वाया जातात. आत्महत्या धरून चाललात आणि खून निघाला, तर पुरावा तोवर नदीकाठी जळून गेलेला असतो. ‘आजकालची पोरं, मार्क कमी पडले, मोबाइल दिला नाही की असंच करतात’ हा तर्क म्हणूनच धोक्याचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाप्रमाणे 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या नोंदल्या गेल्या, त्यातल्या 13,044 विद्यार्थ्यांच्या. महाराष्ट्राचा आकडा 22,746, देशात सर्वांत मोठा. म्हणजे हे दुःख खरंच मोठं आहे. पण हजारांत काय होतं यावरून या एका मुलाचं काय झालं ते कळत नाही. शिवाय तो आकडाही ठाण्याठाण्यातल्या अशाच नोंदींतून बनतो.

दुसऱ्या बाजूचा तर्कही तितकाच कच्चा. ‘तो हसतखेळत होता, दुसऱ्या दिवशी क्रिकेटची मॅच होती, असा मुलगा जीव देईल का?’ देऊ शकतो. किशोरवयात हा विचार लाटेसारखा अचानक उसळतो, आणि ती लाट ओसरेपर्यंत कोणी जवळ असलं तर पुष्कळ मुलं वाचतात. चिठ्ठी नाही यावरूनही काही ठरत नाही, बहुतेक आत्महत्यांत चिठ्ठी नसतेच. आणि असली तरी ती शाळेच्या वह्यांतल्या अक्षराशी ताडून बघावी लागते, म्हणून वह्या रद्दीत देऊ नयेत. हे वाचताना तुमच्याच घरातलं एखादं लेकरू डोळ्यांसमोर आलं असेल, गप्प गप्प राहणारं, तर त्याला सरळ विचारा. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. ‘टेलिमानस’ या मानसिक मदतीच्या सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

माणसाच्या मनाचा असा मागे जाऊन शोध घेण्याचीही पद्धत आहे. 1958 च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला काही प्रकरणं उलगडेनात, तेव्हा त्याने एडविन श्नाइडमन आणि त्यांच्या सहकारी मानसतज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी मृताच्या घरच्यांशी, मित्रांशी, डॉक्टरांशी बोलून त्याचे शेवटचे दिवस जुळवले. याला मानसशास्त्रीय शवविच्छेदन म्हणतात. आपल्याकडे 2018 मध्ये दिल्लीच्या बुराडीत एकाच घरातली अकरा माणसं गेली, तेव्हा ते झालं होतं. निष्कर्ष सगळ्यांना चक्रावणारा होता. कोणालाही मरायचं नव्हतं, एका विधीत झालेला तो अपघात होता. तालुक्याच्या गावी अशी तज्ज्ञ मंडळी मिळायची नाहीत. पण वर्गातले दोन मित्र, क्लासचे सर, पानटपरीवाला आणि आई यांच्याशी वेगवेगळं, घाई न करता बोलायला तज्ज्ञ लागत नाही. मुलगी असेल तर घरच्यांदेखत तिच्या मैत्रिणी एक अक्षर बोलत नाहीत, हेही तपास करणाऱ्याला ठाऊक हवं. कधी कधी जे घर रडतंय त्याच घराकडे बघायची वेळ येते.

कायद्याची पुढची पायरी अशी. घरच्यांच्या तक्रारीतून दखलपात्र, म्हणजे पोलिसांना स्वतःहून तपास करता येतो असा, गुन्हा दिसत असेल तर पोलिसांनी गुन्हा नोंदवलाच पाहिजे, असं ललिताकुमारी खटल्यात 2013 मध्ये ठरलंय. ठाण्यात घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी पाठवायची, तिथेही नाही झालं तर न्यायदंडाधिकारी. मुलाने स्वतः जीव दिला पण कोणीतरी त्याला त्याकडे ढकललं, असं असेल तर ते तिसरंच प्रकरण. 18 वर्षांखालच्या मुलाला आत्महत्येस प्रवृत्त करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 107 मध्ये येतं, आणि त्याची शिक्षा जन्मठेप किंवा फाशीपर्यंत जाते. म्हणून ‘आत्महत्या ठरली’ म्हणजे तपास संपला असं नसतं. पण चिठ्ठीत नाव आलं किंवा मास्तर रागावले होते, एवढ्यावर गुन्हा सिद्धही होत नाही. उद्युक्त केल्याचं, आणि त्याचा मृत्यूशी जवळचा संबंध असल्याचं दाखवावं लागतं.

आणि खून म्हणायचा तर? पुण्यातलं एक प्रकरण वकिलीच्या वर्गात आजही शिकवतात, शरद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य. 1982 मध्ये एक नवविवाहिता विषाने गेली. सत्र न्यायालयाने पतीला फाशीची शिक्षा सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. तिची पत्रं वाचून न्यायाधीशांनी म्हटलं की आत्महत्येची शक्यता पुसली गेलेली नाही. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी कशी हवी याचे पाच नियम त्या निकालात आहेत, त्यांना तिथे ‘पंचशील’ असाच शब्द वापरलाय. साखळी इतकी पूर्ण हवी, की आरोपी निर्दोष असण्याची वाजवी शंका उरता कामा नये. म्हणजे ‘आत्महत्या वाटत नाही’ इथून ‘खून झाला’ इथवर बरंच अंतर आहे, आणि ‘खून झाला’ इथून ‘याने केला’ इथवर त्याहून जास्त.

ते अंतर कापायचं तर छोट्या गोष्टी वेळेत हातात याव्या लागतात. दुकानाच्या सीसीटीव्हीवर दोन-चार आठवड्यांत नवं चित्रण चढतं. कॉलच्या नोंदी कंपनीकडे टिकतात, पण दुसऱ्या कोणाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर काय होतं ते टिकत नाही. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले तर कुजतात, ते सावलीत वाळवून कागदात ठेवायचे.

मुलगा गेल्यावर पंचविसाव्या दिवशी एका घरी मी बसलो होतो. बाप म्हणाला, दादा, मोबाइलमध्येच काहीतरी असंल. मोबाइल कुठाय विचारलं. आतून धाकटी घेऊन आली. तिची ऑनलाइन शिकवणी असायची आणि दादाचा पासवर्ड कोणाला माहीत नव्हता, म्हणून बसस्टँडजवळच्या दुकानातून तीनशे रुपये देऊन फॉर्मॅट करून आणला होता.